विधानसभा मतदारसंघांची पुनर्रचना आणि कोर्टकचेरी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जनगणनेची बातमी आली की आमच्याकडे येणाऱ्या प्रश्नांचा सूर ठरलेला असतो : आमचा मतदारसंघ फुटणार का, राखीव होणार का, आणि झाला तर कोर्टात जाता येईल का. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. भर विधानसभेवर आहे. महापालिका आणि जिल्हा परिषदांचं गणित वेगळं असतं, त्यासाठी थेट प्रश्न १६ वर जा.

१. पुनर्रचनेत नेमकं काय बदलतं?

तीन गोष्टी बदलू शकतात : राज्यातल्या एकूण जागा, प्रत्येक मतदारसंघाची हद्द, आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव जागा किती व कुठे. तिन्ही एकाच वेळी बदलतील असं नाही. २००८ मध्ये महाराष्ट्राच्या एकूण जागा २८८ च राहिल्या, पण हद्दी आणि आरक्षण दोन्ही बदललं.

२. हे ठरवतं कोण? सत्ताधारी पक्षाला हवा तसा नकाशा काढता येतो का?

विधानसभेचा नकाशा राज्य सरकार काढत नाही. संसद कायदा करते आणि त्यानुसार परिसीमन आयोग नेमला जातो (परिसीमन म्हणजे मतदारसंघांच्या हद्दी आखणं). सगळ्या देशासाठी असे आयोग चारदा नेमले गेले : १९५२, १९६३, १९७३ आणि २००२. २००२ च्या कायद्यानुसार आयोगात तिघे असतात : सर्वोच्च न्यायालयाचे आजी किंवा माजी न्यायमूर्ती अध्यक्ष, सोबत मुख्य निवडणूक आयुक्त किंवा त्यांनी नेमलेले निवडणूक आयुक्त, आणि त्या त्या राज्याचे राज्य निवडणूक आयुक्त. २००२ च्या आयोगाचे अध्यक्ष न्या. कुलदीप सिंग होते.

सत्ताधाऱ्यांना काहीच वाव नाही, असं मात्र म्हणता येत नाही. आयोग तालुके आणि महसूल मंडळं जशी असतील तशी उचलतो, आणि ती ठरवतं राज्य सरकार. त्याचा ताजा नमुना प्रश्न १३ मध्ये आहे.

३. आमच्याकडे शेवटची पुनर्रचना कधी झाली?

ती १९ फेब्रुवारी २००८ पासून लागू झाली. महाराष्ट्राने नव्या हद्दींवर पहिली विधानसभा निवडणूक ऑक्टोबर २००९ मध्ये लढवली. आधार २००१ ची जनगणना होता, म्हणजे एका जागेमागे सरासरी ३ लाख ३६ हजार लोकसंख्या.

फटका कोकणाला आणि दक्षिण-मध्य मुंबईला बसला. रत्नागिरी जिल्ह्याच्या सातांपैकी खेड आणि संगमेश्वर या जागा गेल्या. सिंधुदुर्गात चाराच्या तीन झाल्या. मुंबई शहर जिल्ह्यात खेतवाडी, ऑपेरा हाऊस, चिंचपोकळी, नायगाव, दादर, माटुंगा, परळ ही नावं मतपत्रिकेवरून पुसली गेली आणि तिथे दहाच जागा उरल्या. उपनगरांत २६ झाल्या. ठाणे जिल्ह्यात (पालघर तेव्हा त्यातच होतं) २४ झाल्या. माणसं गिरणगावातून आणि कोकणातून जिकडे राहायला गेली, तिकडे जागाही गेल्या. आपला मतदारसंघ गिळला गेला, असं म्हणणाऱ्या कोकणी वाचकांचं दुःख खरं आहे, पण आकडे त्यांच्या बाजूने नाहीत.

४. घटनेला लोकसंख्या सारखी हवी असेल, तर चिंचवडमध्ये सहा लाखांहून जास्त मतदार आणि वडाळ्यात दोन लाखांच्या आसपास, हे कसं चालतं?

घटनेचं कलम १७० म्हणतं की राज्यातल्या मतदारसंघांत लोकसंख्या आणि जागा यांचं प्रमाण शक्य तितकं सारखं असावं. २००२ च्या आयोगाने सरासरीच्या दहा टक्के खाली-वर चालेल असं धोरण ठेवलं होतं. पण ते मोजमाप २००१ च्या लोकसंख्येचं होतं, आजच्या मतदार यादीचं नव्हतं. त्यानंतर चिंचवड आणि पनवेलमध्ये किती इमारती उभ्या राहिल्या, ते तिथल्या माणसाला सांगायला नको.

मधल्या काळात हद्दी का बदलल्या नाहीत, याचं कारण घटनेतच आहे. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने जागांची संख्या गोठवली. कुटुंबनियोजन नीट राबवणाऱ्या राज्यांचं नुकसान होऊ नये, हा युक्तिवाद होता. ८४ व्या दुरुस्तीने ती मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत वाढवली. दरम्यान फक्त अंतर्गत हद्दी बदलायची मुभा दिली. ८७ व्या दुरुस्तीने त्यासाठी २००१ ची जनगणना ठरवली.

या तफावतीवर कोर्टात जाऊन फारसं हाती लागत नाही. गोठवणूक खुद्द घटनेत आहे, तेव्हा न्यायालय ती बाजूला सारत नाही. जम्मू-काश्मीरने २०२६ पर्यंत पुनर्रचना थांबवली होती, त्याविरुद्धचं आव्हान सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये फेटाळलं. आंध्र-तेलंगणाचं प्रकरण प्रश्न १२ मध्ये आहे.

५. अंतिम आदेश निघाला. आता त्याला कोर्टात आव्हान देता येतं का?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. पुस्तकी उत्तर "नाही" असं आहे. खरं उत्तर "जवळपास नाही" असं आहे.

घटनेचं कलम ३२९(क) सांगतं की मतदारसंघांच्या परिसीमनाविषयीच्या कायद्याची वैधता कोणत्याही न्यायालयात प्रश्नास्पद करता येणार नाही. आता आयोगाचा आदेश म्हणजे काही संसदेचा कायदा नव्हे, असं कुणालाही वाटेल. उज्जैनच्या मेघराज कोठारी यांनाही तसंच वाटलं. १९६४ च्या अधिसूचनेने उज्जैन लोकसभा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव झाला, आणि तिथून उभं राहण्याचा आपला हक्क गेला म्हणून ते न्यायालयात गेले. १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्याविरुद्ध निकाल दिला. परिसीमन कायद्यातच लिहिलं आहे की राजपत्रात छापलेल्या आदेशाला कायद्याचं बळ येतं आणि तो कुठल्याही न्यायालयात प्रश्नास्पद करता येणार नाही. म्हणजे तो आदेश कायद्याच्याच पंगतीला बसला, आणि कलम ३२९(क) चं कवच त्याला मिळालं.

न्यायालयाचं कारण व्यवहारी होतं. प्रत्येक नाराज मतदाराला हद्दीवरून एका कोर्टातून दुसऱ्या कोर्टात जाऊ दिलं, तर निवडणुका कधी होणारच नाहीत. पुढची जवळपास साठ वर्षं सरकारी वकील पहिल्या तारखेला हाच निकाल पुढे करत आले.

६. मग २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे दार उघडलं, असं वाचलं ते काय?

किलकिलं केलं, असं म्हणा. गुजरातमधल्या बारडोली विधानसभा मतदारसंघाच्या आरक्षणावरचं हे प्रकरण, किशोरचंद्र राठोड विरुद्ध भारत सरकार. २०१२ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने कलम ३२९(क) कडे बोट दाखवून याचिका दारातूनच परत पाठवली होती. २३ जुलै २०२४ रोजी न्या. सूर्य कांत आणि न्या. उज्जल भुयान यांच्या खंडपीठाने म्हटलं की न्यायालयांना इथे पूर्ण मज्जाव आहे, असा अर्थ काढता येणार नाही. आदेश उघडउघड मनमानी असेल आणि घटनेच्या मूल्यांशी त्याचा मेळच बसत नसेल, तर न्यायालय दाद देऊ शकतं. एरवी नागरिकाला गाऱ्हाणं मांडायला जागाच उरणार नाही.

दोन गोष्टी बातम्यांत निसटल्या. बारडोलीचं आरक्षण या निकालाने बदललं नाही. आणि मेघराज कोठारीचा निकालही रद्द झाला नाही. त्याचा अर्थ किती ताणायचा, एवढंच न्यायालयाने सांगितलं.

७. कोणते मुद्दे कोर्टात टिकतात आणि कोणते नाही?

"आमच्या गावाला मतदान केंद्र लांब पडेल", "आमच्या समाजाची मतं दोन मतदारसंघांत विभागली", "मसुद्यात आम्ही इकडे होतो, अंतिम आदेशात तिकडे गेलो" या तक्रारींवर न्यायालय हद्द हलवत नाही. जनगणनेचे आकडे चुकीचे आहेत, हाही मुद्दा आयोगापुढे चालत नाही. आयोग प्रसिद्ध आकड्यांना बांधलेला असतो.

ऐकून घेतलं जाण्याची शक्यता असलेले मुद्दे वेगळ्या जातीचे असतात. ज्याने नकाशा काढला त्याला तो अधिकार होता का? ज्या कायद्याखाली काढला तो घटनेशी सुसंगत आहे का? कायद्याने सांगितलेली पायरी, म्हणजे मसुदा छापणं, हरकती मागवणं, त्या ऐकणं, ती गाळलीच का? २०२४ नंतर यात "उघड मनमानी" ची भर पडली. पण सरासरीहून पाच टक्के कमी-जास्त म्हणजे मनमानी नव्हे, हे याचिका लिहिण्याआधी लक्षात घ्या.

उशीर हेही प्रकरण बुडण्याचं एक कारण ठरतं. आयोग नेमला जातो तेव्हा गप्प बसायचं आणि त्याने नकाशा काढल्यावर आयोगच बेकायदा म्हणायचं, हे न्यायालयाला आवडत नाही (प्रश्न १२).

८. मसुद्यावर हरकत कशी घ्यायची?

माझ्या मते खरी लढाई इथेच असते, आणि लोक इथेच झोपतात. अंतिम राजपत्र निघाल्यावर वकील शोधण्यापेक्षा मसुदा निघाल्यावर नकाशा शोधा.

आयोगाला आपला प्रस्ताव केंद्राच्या आणि राज्याच्या राजपत्रात छापावा लागतो, हरकतींवर विचार करण्याची तारीख द्यावी लागते आणि जाहीर बैठका घ्याव्या लागतात. हरकतीत भावना कमी आणि कायद्याची भाषा जास्त हवी. कायद्याचे निकष असे : मतदारसंघ शक्य तितका सलग आणि सुटसुटीत असावा, डोंगर-नद्या, प्रशासकीय हद्दी, दळणवळण आणि लोकांची सोय पाहिली जावी, आणि प्रत्येक विधानसभा मतदारसंघ पूर्णपणे एकाच लोकसभा मतदारसंघात बसावा. महाराष्ट्रात ४८ लोकसभा मतदारसंघांत प्रत्येकी बरोबर सहा विधानसभा येतात.

आता समजा तुमचं महसूल मंडळ नदीपलीकडच्या मतदारसंघात टाकलंय. "आमच्यावर अन्याय झाला" असं लिहिलेला कागद फाइलला लागतो आणि तिथेच राहतो. त्याऐवजी मंडळाचं नाव, जनगणनेतली लोकसंख्या, पूल किती किलोमीटरवर आहे ते, ते मंडळ इकडे आणल्यावर दोन्ही मतदारसंघांची लोकसंख्या किती होते, आणि बदल्यात तिकडे कोणतं मंडळ द्यायचं, एवढं एका पानावर मांडा. पर्यायी हिशोब जुळवून दिला नाही, तर आयोगाला तुमचं ऐकायची इच्छा असूनही ऐकता येत नाही; एक मंडळ हललं की शेजारचे दोन-तीन मतदारसंघ हलतात. पोचपावती जपून ठेवा. उद्या कोर्टात "आम्हाला ऐकलंच नाही" म्हणायचं झालं, तर तोच तुमचा पुरावा.

९. आमचे आमदार आयोगावर होते म्हणे. मग त्यांनी काय केलं?

ते सहयोगी सदस्य. मोठ्या राज्यातून पाच खासदार आणि पाच आमदार घेतले जातात. लोकसभेचे आणि विधानसभेचे अध्यक्ष त्यांची नावं देतात. त्यांना बोलता येतं, मत देता येत नाही आणि निर्णयावर त्यांची सहीही लागत नाही. मात्र त्यांनी वेगळा प्रस्ताव दिला असेल आणि तशी इच्छा व्यक्त केली असेल, तर आयोगाला तो मसुद्यासोबत छापावा लागतो. "मी खूप भांडलो" असं कुणी सांगत असेल, तर राजपत्रात त्यांचा असहमतीचा प्रस्ताव आहे का, ते बघा.

१०. आमचा मतदारसंघ कायमचा राखीव का? सरपंचपदासारखं आरक्षण फिरत का नाही?

विधानसभेत अनुसूचित जाती-जमातींच्या जागा दर निवडणुकीला फिरत नाहीत. पुढच्या पुनर्रचनेपर्यंत त्या तिथेच राहतात. निवडीचे निकषही दोन आहेत. जमातींच्या जागा जिथे त्यांचं प्रमाण सर्वाधिक, तिथे. जातींच्या जागा जिथे प्रमाण तुलनेने जास्त तिथे, पण राज्याच्या वेगवेगळ्या भागांत विखरून. त्यामुळे "शेजारच्या मतदारसंघात आमच्यापेक्षा दलित लोकसंख्या जास्त, तरी आम्हीच राखीव" ही तक्रार आकड्यांनी खरी असूनही कायद्याने लंगडी पडू शकते.

महाराष्ट्रात २००८ पूर्वी अनुसूचित जातींच्या १८ आणि जमातींच्या २२ जागा होत्या. नंतर २९ आणि २५ झाल्या. जातींच्या जागा एकदम अकराने का वाढल्या, असा थोडा आरोपाच्या सुरातला प्रश्न येतो. आधीचा आकडा १९७१ च्या जनगणनेवर होता आणि तेव्हा बौद्धांची गणना अनुसूचित जातींत होत नव्हती. १९९० मध्ये कायदा बदलला, ती माणसं मोजणीत आली, आणि जागा त्या प्रमाणात आल्या.

११. गोव्यात आदिवासी असूनही विधानसभेत त्यांना राखीव जागा का नव्हती?

गावडा, कुणबी आणि वेळीप यांना अनुसूचित जमातीचा दर्जा २००३ मध्ये मिळाला. नकाशा २००१ च्या जनगणनेवर निघाला, आणि त्या जनगणनेत गोव्यातली अनुसूचित जमातींची नोंद होती ५६६! २०११ मध्ये तीच १ लाख ४९ हजार २७५ झाली, पण तोवर नकाशा निघून गेला होता. चाळीसपैकी राखीव जागा एकच, अनुसूचित जातींसाठी पेडण्याची. यावर संसदेत स्वतंत्र विधेयक आणावं लागलं; ते ऑगस्ट २०२४ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं आणि पुढच्या वर्षी मंजूर झालं.

१२. गोठवणूक असताना जम्मू-काश्मीरच्या जागा वाढल्या, मग आंध्र आणि तेलंगणाच्या का नाही?

जम्मू-काश्मीरसाठी मार्च २०२० मध्ये न्या. रंजना प्रकाश देसाई यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. मे २०२२ च्या आदेशाने निवडून द्यायच्या जागा ८३ वरून ९० झाल्या : जम्मूत ३७ च्या ४३, काश्मीरमध्ये ४६ च्या ४७. जमातींसाठी तिथे प्रथमच ९ जागा राखीव झाल्या. त्याविरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयाने १३ फेब्रुवारी २०२३ रोजी फेटाळली. कलम १७० राज्यांना लागू आहे, केंद्रशासित प्रदेशाला नाही, हा मुख्य मुद्दा. आणि आयोगाच्या नेमणुकीला इतक्या उशिरा आव्हान का, हेही न्यायालयाने सुनावलं.

आंध्र पुनर्रचना कायद्यात तर जागा १७५ वरून २२५ आणि तेलंगणात ११९ वरून १५३ करण्याची तरतूद लिहिलेलीच आहे. पण ती "कलम १७० ला अधीन राहून" अशी आहे. काश्मीरला दिलं, मग आम्हाला का नाही, ही याचिका २५ जुलै २०२५ रोजी याच कारणाने फेटाळली गेली. कायद्याने निकाल पटतो. राजकीयदृष्ट्या तेलुगू लोकांना तो टोचला, यात नवल नाही.

१३. आसाममध्ये काय वाद झाला?

आसाम, अरुणाचल, मणिपूर आणि नागालँड या चार राज्यांची पुनर्रचना २००८ मध्ये सुरक्षेचं कारण देऊन पुढे ढकलली होती. आसामचं काम पुढे परिसीमन आयोगाऐवजी निवडणूक आयोगाने केलं, तेही २००१ च्या जनगणनेवर. ऑगस्ट २०२३ मध्ये अंतिम आदेश आला : जागा १२६ च, अनुसूचित जातींच्या ८ च्या ९, जमातींच्या १६ च्या १९.

वादाची गंमत तारखांत आहे. १ जानेवारी २०२३ पासून प्रशासकीय हद्दी बदलू नका, असं निवडणूक आयोगाने सांगितलं होतं. ३१ डिसेंबर २०२२ ला राज्य मंत्रिमंडळाने विश्वनाथ, होजाई, बजाली आणि तामुलपूर हे चार जिल्हे त्यांच्या मूळ जिल्ह्यांत परत विलीन केले. प्रश्न २ मध्ये म्हटलं ते हेच. विरोधकांनी न्यायालयात विचारलं की बाकी देशाला न्यायमूर्तींचा आयोग आणि आम्हाला मात्र निवडणूक आयोग, असं का. जुलै २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदेशीर मुद्दा तपासायला घेतला, पण प्रक्रियेला स्थगिती दिली नाही.

१४. नवा जिल्हा किंवा तालुका झाला, गावाचं नाव बदललं. मतदारसंघ बदलतो का?

नाही. २०१४ मध्ये पालघर जिल्हा झाला, तेव्हा २४ पैकी सहा मतदारसंघ तिकडे मोजले जाऊ लागले, हद्दी जागच्या जागी राहिल्या. छपाईची चूक किंवा बदललेलं नाव निवडणूक आयोग अधिसूचनेने दुरुस्त करू शकतो, मतदारसंघाचं क्षेत्र मात्र त्याला बदलता येत नाही. आदेशातून गावाचं नाव गाळलं गेलं असेल, तर कोर्टाआधी निवडणूक आयोगाला लिहा.

१५. नवा आदेश आला आणि मध्येच पोटनिवडणूक लागली, तर हद्द कोणती?

जुनी. सभागृह विसर्जित होईपर्यंत जुनेच मतदारसंघ चालतात.

१६. महापालिकेच्या प्रभाग रचनेवर तर सतत कोर्टाचे निकाल येतात. तिथे कसं चालतं?

कारण तिथे नकाशा राज्याच्या पातळीवर निघतो आणि सरकार बदललं की तो फिरवायचा मोह होतो. मुंबई महापालिकेचे २२७ प्रभाग महाविकास आघाडीने २३६ केले, ऑगस्ट २०२२ मध्ये नव्या सरकारने पुन्हा २२७ केले. ते आव्हान मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये फेटाळलं.

घटनेतलं कवच इथेही आहे (पंचायतींसाठी कलम २४३-ओ, पालिकांसाठी २४३-झेडजी). पण १९९५ मध्ये उत्तर प्रदेशच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हरकती मागवल्याच नाहीत तर आव्हान चालेल, अशी फट ठेवली. गोव्यात तर २०२१ मध्ये मडगाव, म्हापसा, मुरगाव, सांगे आणि केपे इथलं प्रभाग आरक्षण न्यायालयाने रद्दच केलं. महिलांना एक तृतीयांश जागा मिळाल्या नव्हत्या. त्याच निकालात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की सरकारी अधिकाऱ्याकडे राज्य निवडणूक आयुक्तपदाचा जादा कार्यभार देता येणार नाही. गोव्यात तो कायदा सचिवाकडे होता.

१७. अमेरिकेत न्यायालयं सर्रास नकाशे रद्द करतात. आपल्याकडे का नाही?

हा प्रश्न बहुधा न्यू जर्सी किंवा टेक्सासमधून येतो. तिथे बहुतेक राज्यांत नकाशा राज्याचं विधिमंडळच काढतं, म्हणजे ज्यांना निवडून यायचंय तेच. टेनेसीने १९०१ नंतर साठ वर्षं हद्दी बदलल्याच नाहीत, तेव्हा १९६२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हा विषय आपल्या कक्षेत घेतला. १९६४ मध्ये अलाबामाच्या प्रकरणात राज्याच्या दोन्ही सभागृहांत मतदारसंघांची लोकसंख्या सारखी हवी, असं ठरलं; तिथल्या सिनेटमध्ये तफावत ४१ पटींपर्यंत गेली होती. मात्र पक्षीय फायद्यासाठी वाकवलेल्या नकाशांत केंद्रीय न्यायालयं पडणार नाहीत, असं २०१९ मध्ये तिथेही म्हटलं गेलं. आपण नकाशाचं काम आमदारांकडून काढून घेतलं आणि त्याबरोबर न्यायालयाकडूनही.

१८. महिला आरक्षणाचा याच्याशी काय संबंध?

२०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीने लोकसभा आणि विधानसभांत महिलांना एक तृतीयांश जागा दिल्या, पण अंमलबजावणी त्यानंतरच्या पहिल्या जनगणनेवर होणाऱ्या पुनर्रचनेशी बांधली. या जागा, प्रश्न १० मधल्या जागांप्रमाणे एका जागी न राहता, प्रत्येक पुनर्रचनेनंतर फिरतील.

१९. हद्दच नसलेला विधानसभा मतदारसंघ असू शकतो का?

असू शकतो, सिक्कीममध्ये आहे. तिथल्या ३२ जागांपैकी १२ भुतिया-लेपचांसाठी राखीव आहेत आणि एक "संघ" नावाची जागा बौद्ध मठांची. मतदार भिक्खू आणि भिक्खुणी, राज्यभर पसरलेले. नकाशावर या मतदारसंघाची रेघ नाही. भुतिया-लेपचांना लोकसंख्येच्या मानाने जागा जास्त मिळतात आणि मठांसाठी जागा म्हणजे धर्माधारित मतदारसंघ, असं आव्हान आर. सी. पौड्याल यांनी दिलं होतं. १९९३ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने दोन्ही तरतुदी वैध ठरवल्या : सिक्कीम १९७५ मध्ये ज्या परिस्थितीत भारतात आलं, तिचा विचार करून कलम ३७१-एफ लिहिलंय, आणि मतांचं मूल्य सर्वत्र गणिती काट्यावर सारखं असलंच पाहिजे असं घटना म्हणत नाही.